उसातला बिबट्या मी होतो

संपादकांनी फोनवर विचारलं, "तुमच्या नावाखाली व्यवसाय काय लिहू?"

मी म्हटलं, "ओरडणे."

मग मीच दुरुस्ती केली, "ओरडण्यातून निवृत्त, असं लिहा." त्यांना ती गंमत वाटली. पण सोळा वर्षं मी जे काम जीव लावून केलं ते ओरडण्याचंच होतं, आणि आता ते करत नाही याचं मला एवढं हायसं वाटतं की कधीकधी सकाळी दात घासताना आपलं आपल्यालाच हसू येतं.

पोटासाठी मी बारामतीत एसटी स्टँडच्या मागं गिटार-कीबोर्डचा क्लास चालवतो. दोन खोल्या, सहा कीबोर्ड, त्यांतले चार धड. मुलं गणपतीची आरती आणि वाढदिवसाचं गाणं शिकतात. त्यांच्या आया दारात उभ्या राहून विचारतात, "सर, गॅदरिंगपर्यंत बसेल ना?" बसतं. हा माझा दिसणारा व्यवसाय. न दिसणारा व्यवसाय सांगवीला, आमच्या उसात, विहिरीजवळच्या मोटरीच्या खोलीत चालायचा.

त्या संगीताला ब्लॅक मेटल म्हणतात. ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना सांगतो. गिटार इतकी वेगात वाजवायची की सूर वेगळे न राहता त्यांची एक भिंत व्हावी. ढोल त्याहून वेगात. आणि त्यावर गायचं नाही, तर घसा आवळून, पोटातून हवा ढकलून किंचाळायचं. शब्द कळले तर चुकलंच. रेकॉर्डिंग मुद्दाम वाईट करायचं, रेडिओ विहिरीत पडून तिथंच चालू राहिल्यासारखं. हे बहुधा चारपाच जण मिळून करतात. मी एकट्यानं केलं, कारण बारामती तालुक्यात दुसरा मिळाला नाही.

माझ्या या एकट्याच्या बँडचं नाव 'करपा'. युरोपातल्या श्रोत्यांना ते भयंकर, प्राचीन वाटायचं. आपल्याकडं करपा म्हटलं की माणूस विचारतो, "फवारणी केली का?"

हे श्रोते सगळे परदेशातले. दोनचारशे असतील, पण कट्टर. त्यांच्याकडच्या बँडवाल्यांचे फोटो बर्फातल्या जंगलात, तोंडाला प्रेतासारखा पांढरा-काळा रंग फासून काढलेले असतात. माझ्याकडं बर्फ कुठला? मी उसाचं पाचट जाळलेल्या रानात उभा राहिलो. तोंडाला टाल्कम पावडर, डोळ्यांभोवती बायकोचं काजळ. फोटो झकास आला, फक्त मागं एक बगळा किडे वेचत फिरत होता. त्याला काँप्युटरवर पुसायला मला अख्खी संध्याकाळ लागली. फिनलंडच्या एका माणसानं त्या फोटोखाली लिहिलं, "तुमच्याकडचा हिवाळा फार क्रूर असणार." मी तेव्हा बनियनवर बसलो होतो.

एका पोलिश श्रोत्याला माझ्या कॅसेट हव्या असायच्या. होय, कॅसेटच. या लोकांना जुनाट वस्तूंचं वेड. पोस्टातल्या काउंटरवरच्या बाई पार्सल हलवून विचारायच्या, "आत काय आहे?"

"कॅसेट."

"कसल्या?"

"भजनाच्या," मी म्हणायचो. त्या मान डोलवून शिक्का मारायच्या.

घसा सुजला म्हणून बारामतीत कानाघशाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी नळी घालून आत बघितलं आणि विचारलं, "मार्केट यार्डात लिलाव पुकारता का?" मी म्हटलं, "हो." त्यांनी एक महिना लिलाव बंद ठेवायला सांगितला.

असं सगळ्यांशी खोटं बोलत होतो. घरी तर बोलतच नव्हतो. माझी बायको वैशाली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिला एवढंच माहीत होतं की मी मोटरीच्या खोलीत काहीतरी रेकॉर्डिंग करतो. हे खोटं मला लाजेपायी बोलावं लागत होतं. बावीस वर्षांचा असताना पुण्यात इंजिनियरिंग अर्धवट सोडून परत आलो. वडील वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत आणि बाकीचं गाव फक्त एकच वाक्य बोलायचं: "मग, आता काय?" त्या वर्षी मी किंचाळायला लागलो आणि त्यानं मला वाचवलं. हे मी आजही अभिमानानं सांगतो. पण चाळिशीला टेकलेल्या, लग्न झालेल्या, लोकांची पोरं शिकवणाऱ्या माणसानं "मी उसात जाऊन किंचाळतो" हे कसं सांगावं?

आता कामाची पद्धत सांगितली पाहिजे, कारण घोटाळा तिथंच झाला.

गिटार घरात कानाला हेडफोन लावून वाजवता येते. ढोल काँप्युटर वाजवतो. किंचाळणं मात्र हेडफोनमध्ये करता येत नाही. त्यासाठी मोटरीची खोली. चारी बाजूंनी आमचा ऊस, डोक्यावर दोन हात उंच. उभा ऊस आवाज खातो, हा माझा सोळा वर्षांचा अनुभव. शिवाय शेतीची लाईट ठरलेल्या वेळी जाते, तेव्हा आमची आणि शेजारच्या मोटरी बंद होतात, माइकमध्ये घरघर येत नाही. म्हणून मी लाईटीचं वेळापत्रक बघून लॅपटॉप चार्ज करायचो आणि दुपारी लाईट गेली की जायचो. जगात लाईट जायची वाट बघणारा गायक मी एकटाच असेन.

त्या वर्षी तोडणीचा हंगाम सुरू झाला होता. बीडकडची ऊसतोड कामगारांची टोळी आमच्या शिवारात आली होती. दरवर्षी टोळी कॅनॉलच्या बाजूनं तोडत यायची. त्या वर्षी कॅनॉलकडचा रस्ता खचला होता, म्हणून ती गावाकडून घुसली. आठ दिवसांत गाव आणि आमचा ऊस यांच्यामधले दोन फड भुईसपाट झाले. मी खोलीत बसलो की मला चारी बाजूंना माझाच ऊस दिसायचा, तो जागेवर होता. त्याच्यापलीकडं आवाज खायला काहीच उरलं नाही, हे मला कळलंच नाही.

त्या दुपारी तिसऱ्या टेकला मनासारखा आवाज लागला. लांब, फाटका, शेवटी गुरगुरत विझणारा. मी खुशीत घरी येऊन चहा प्यालो.

तासाभरात गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं: सावधान, शिवारात बिबट्या ओरडला. सोबत चिखलातल्या पंजाचा फोटो. मी फोटो मोठा करून बघितला. पंजा आमच्या मोत्या कुत्र्याचा होता, एक नख तुटलेलं. पण आवाज कुणाचा होता ते मला फोटोशिवायही कळलं.

टोळीतल्या बायका बाभळीखाली भाकरी खात असताना तो आवाज आला होता. टोळीचा मुकादम बप्पा म्हणाला, फडात माणूस घालणार नाही. यात तो चूक नव्हता. वाकून ऊस तोडणाऱ्या बाईला दोन हातांवरचंही दिसत नसतं, आणि बिबटे आमच्या भागात खरोखर येतात. वनखात्यानं पिंजरा आणला. त्यात आमिषाला शेळी बांधली. पिंजरा ठेवला माझ्या मोटरीच्या खोलीपासून वीस पावलांवर.

शेळी दिवसभर ओरडायची. तेवढी एक त्या प्रकरणात खरी होती.

ज्या फडावर काम अडलं होतं तो भगवानतात्यांचा. तात्या आमचे बांधशेजारी, वय सत्तरच्या पुढं. कारखान्याकडून तोडीची पाळी एकदाच येते. पाळी हुकली आणि टोळी पुढच्या गावाला गेली की ऊस हंगाम संपेपर्यंत उभा. त्याला तुरा येतो, आतून पोकळ होतो, वजन जातं. तात्यांनी वर्षभर जपलेला ऊस माझ्या तिसऱ्या टेकमुळं जागेवर वाळणार होता.

तात्यांनी काय करावं? ते रोज सकाळी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन आमच्या सामाईक बांधावर बसायला लागले. डबा बडवून जनावर हाकलणार. दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "तात्या, ऊन लागेल. घरी जा की."

"आरं नितीन, ऊस ऱ्हाऊ दे. पर तुला एकट्याला मोटरीवर यावं लागतंय. जनावर आत बसलंय. म्या हाय तवर तू बिनघोर ये-जा कर."

म्हणजे म्हातारा माझ्यापासून माझंच रक्षण करत बसला होता. मी मान खाली घालून मोटर चालू केली आणि घरी आलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. चार दिवस नाही बोललो. या सगळ्या हकिकतीत मला लाज वाटते ती किंचाळण्याची नाही, त्या चार दिवसांची.

पाचव्या दिवशी रविवार होता. सकाळीच बप्पानं निरोप पाठवला की ट्रॅक्टर आलाय, टोळी सामान भरते आणि पुढच्या गावाला निघते. मी चप्पल घालून निघालो. वैशाली म्हणाली, "मीही येते, बघू काय म्हणतात." तिला नको म्हणायला कारण सुचेना.

बांधावर तीसचाळीस माणसं. टोळीच्या बायका गाठोडी घेऊन बसलेल्या. वनरक्षक बाई वही घेऊन उभ्या. तात्या बप्पाला विनवत होते, "मुकादम, आजच्या दिस बगा. म्या पुढं चालतो डबा वाजवत, तुमी माझ्या मागनं या."

ते ऐकलं आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "तात्या, बिबट्या नाहीये. तो मी होतो."

कुणाला काही कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. रेकॉर्डिंग, माइक, परदेशातले श्रोते. सांगता सांगता मलाच ते बनावट वाटायला लागलं.

बप्पा म्हणाला, "सर, तुमी भला माणूस. टोळी थांबावी म्हणून सांगताय. पर आवाज मी माझ्या कानानं ऐकलाय. त्यो माणसाचा न्हवता."

सोळा वर्षांत माझ्या कामाची एवढी मोठी तारीफ कुणी केली नव्हती.

वनरक्षक बाई म्हणाल्या, "मग काढून दाखवा."

दिवसाढवळ्या, सकाळी नऊ वाजता, तोंडाला रंग नाही, मागं गिटारची भिंत नाही. समोर बायको, शेजारी, क्लासमधल्या एका मुलीचे वडील. मी डोळे मिटले, पोटात हवा भरली आणि किंचाळलो. तोच आवाज. लांब, फाटका, शेवटी गुरगुरत विझणारा.

पिंजऱ्यातली शेळी चार दिवसांत पहिल्यांदा गप्प झाली.

डोळे उघडले तर कुणी हसत नव्हतं. टोळीच्या बायकांमधून एक उठली. केशरबाई, साठीची, कपाळावर मोठं गोंदण, हातात पाण्याची बाटली. ती सरळ माझ्यापाशी आली, बाटली माझ्या हातात दिली, पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "लेकरा, कुठं दुखतंय?"

मी बाटली उघडून घटाघटा पाणी प्यालो.

मग मात्र तात्यांना हसू फुटलं. डब्यावरच बसून, डोळे पुसत ते हसले. "चार दिस! आरं, चार दिस म्या ह्याच्यासाठी डबा बडवला!" मग सगळेच हसले. बप्पानं टाळी दिली. वनरक्षक बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "हा तुमचा रेग्युलर व्यवसाय आहे का? म्हणजे पुढं पुन्हा कॉल आला तर लक्षात ठेवायला." अर्ध्या तासात कोयते बाहेर आले आणि तात्यांच्या उसावर पहिला घाव पडला. त्या आवाजानं माझ्या छातीवरचं ओझं उतरलं ते कायमचं.

घरी जाताना वैशाली झपाझप पुढं चालत होती. मला वाटलं, चिडली. मग म्हणाली, "मला वाटायचं तू तिकडं गातोस. आणि ते मला ऐकवण्याजोगं नाही, दुसऱ्या कुणासाठी आहे."

"आणि आता?"

"आता काय? सुटले एकदाची," ती म्हणाली. "पण काजळ विचारून घेत जा."

त्या दुपारी लाईट गेल्यावर मी सवयीनं खोलीत जाऊन बसलो. माइक लावला नाही. केशरबाईचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. कुठं दुखतंय? मी प्रामाणिकपणे शोधलं. इंजिनियरिंग? त्याची आता आठवणही धड येत नाही. वडील? ते वारायच्या आधी कित्येक वर्षं माझ्याशी नीट बोलत होते, शेवटी तर माझ्याच हातून चहा घ्यायचे. गाव? गावानं "आता काय" विचारणं केव्हाच सोडलं होतं. कुठंच दुखत नव्हतं. जखम भरून किती तरी वर्षं झाली होती आणि मी त्यावर पट्टी बदलत बसलो होतो, कारण पट्टी चांगली बांधता येत होती.

हे कळल्यावर कुणाला वाईट वाटलं असतं. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच पोत्यावर आडवा होऊन झोपलो.

पण वाजवायचं काय? किंचाळल्याशिवाय मला संगीत येत नव्हतं. एक दिवस माझीच एक जुनी चाल घेतली, गिटारची भिंत काढून टाकली, ढोल काढले, किंचाळणंही काढलं. खाली चार सुरांची साधी चाल उरली. ती पियानोवर दसपट हळू वाजवली. चांगली होती! सोळा वर्षं मी ती स्वतःच गाडून ठेवली होती.

या प्रकाराला निओक्लासिकल अँबियंट म्हणतात. पियानो, व्हायोलिनसारखे लांब सूर, मागं पाण्याचा नाहीतर वाऱ्याचा आवाज. यात काही घडत नाही, आणि ते फार सावकाश घडत नाही. वाटतं तेवढं सोपं नाही. किंचाळताना चुका झाकतात. दोन सुरांमध्ये चार सेकंद गप्प बसायचं म्हणजे प्रत्येक चूक उघडी पडते. सुरुवातीला मी मोकळी जागा दिसली की भरायला धावायचो. गप्प बसायला शिकण्यात दीड वर्ष गेलं.

भजनी मंडळाची जुनी पेटी मागून आणली. तिचा भाता गळका, दाबला की दम्याच्या माणसासारखा श्वास टाकतो. मला तो श्वासच हवा होता. पेटीमास्तर आबा दहा मिनिटं ऐकत बसले आणि म्हणाले, "वाजवतुयास का पेटीला झोपवतुयास?" पण पेटी परत मागितली नाही.

पाण्यासाठी इंदापूरकडं जायचो, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. एकदा माइक पाण्याजवळ रोवून बसलो होतो. जाळं आवरणाऱ्या एका मासेमाऱ्यानं विचारलं, "काय चाललंय?"

"पाण्याचा आवाज घेतोय."

"त्यो कशाला घ्यायचा? हितंच तर हाय."

"उन्हाळ्यात पाणी मागं जातं ना."

त्यानं जरा विचार केला. "व्हय, ते बी खरंच," म्हणाला आणि माझं संपेपर्यंत जाळं न आपटता हलक्या हातानं आवरत राहिला.

जुन्या श्रोत्यांनी मला भरपूर झोडपलं. "गद्दार," "लिफ्टमधलं संगीत," "करपा मेला." एकानं माझ्या कॅसेट जाळल्याचा फोटो पाठवला. जळलेल्या रानात फोटो काढणाऱ्या माणसाला त्याचं काय वाटणार? वाटलं थोडं. सोळा वर्षांच्या ओळखीची माणसं होती. पण तो पोलिश श्रोता लिहितो, "मला आता दोन मुली आहेत. तुझं हे मी घरात सगळ्यांसमोर लावू शकतो." मीसुद्धा आता घरात सगळ्यांसमोरच वाजवतो. वैशाली मागं वह्या तपासते. एका तुकड्यात तिची पानं उलटल्याचा आवाज आलाय, तो मी तसाच ठेवलाय. पोस्टातल्या बाईंनाही खरं सांगितलं, की कॅसेट भजनाच्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. भजनं पोलंडला कोण मागवतं?"

गेल्या हंगामात बप्पाची टोळी परत आली, या वेळी आमच्याच फडावर. दुपारच्या सुट्टीत केशरबाई वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या भाऱ्याला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "बिबट्या! दुखणं कसंय?"

"गेलं, मावशी. त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि बघितलं, तर नव्हतंच."

"मग आता काय करतोस उसात?"

मी मोटरीच्या खोलीतून स्पीकर आणला आणि नवा तुकडा लावला. पेटीचा श्वास, उजनीचं पाणी, पियानोचे चार सूर. तिनं लक्ष देऊन ऐकायला सुरुवात केली. दोन मिनिटांत मान कलली, चौथ्या मिनिटाला तोंड थोडं उघडं, कोयता मांडीवर. पहाटेपासून मोळ्या उचललेल्या बाईची झोप.

सोळा वर्षं माझी इच्छा होती की माझं ऐकून कुणाला झोप येऊ नये. तिच्याकडं बघून माझे डोळे भरून आले.

बप्पा हाक मारत आला, "केशरबाई, उठा, ट्रॉली भरायची हाय." मी ओठांवर बोट ठेवलं. तो थांबला, तिच्याकडं बघितलं, स्पीकरकडं बघितलं. "किती येळ चालतंय हे?" त्यानं हळूच विचारलं.

"अकरा मिनिटं."

तो टोपी काढून तिथंच बांधावर बसला. थोड्या वेळानं संगीत संपलं. केशरबाई उठली नाही, बप्पानं हाक मारली नाही. मी ते पुन्हा सुरुवातीपासून लावलं.